जुने आर्ट्स अँड क्राफ्ट्स मासिक-रॅक आणि पुस्तक-स्टँड : पारख, दुरुस्ती, निगा

मासिकांचा जुना रॅक हाती आला की पहिलं काम म्हणजे तो आडवा करून तळ बघणं. दर्शनी लाकडावर शंभर वर्षांत कोणी ना कोणी हात फिरवलेला असतो. तळाशी, मागच्या पट्टीवर, फळ्यांच्या खालच्या अंगाला तेवढे कष्ट सहसा कोणी घेत नाही, म्हणून खरं काय ते तिथेच कळतं. जमिनीवर जाड घोंगडी अंथरा, सर्वांत खालच्या फळीखाली दोन्ही हात घाला आणि रॅक उचलून पाठीवर निजवा. बाजूच्या फळीत मुठीसाठी कापलेल्या भोकाला धरून उचलू नका. त्या भोकाच्या वर दोन-तीन बोटं उंचीचा पट्टा उरलेला असतो आणि लाकडाच्या शिरा त्यात उभ्या धावतात. वजन आलं की तो पट्टा शिरांना आडवा ताणला जातो आणि भोकाच्या कोपऱ्यातून वरपर्यंत तडकतो. या भोकांजवळ जुनी, सरसाने बुजवलेली चीर इतक्या वेळा सापडते की आधी तिथेच भिंग लावावं.

प्रकार आणि मापं

‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ ही साध्या, भक्कम हातकामाचा आग्रह धरणारी चळवळ. हे नाव लंडनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स एक्झिबिशन सोसायटीवरून आलं. तिचं पहिलं प्रदर्शन १८८८ चं. अमेरिकेत याच विचाराचं फर्निचर पुढे ‘मिशन’ या नावानेही विकलं गेलं. तिथे हे फर्निचर बनवणारे दोन मोठे लोक स्वतःच छापखानेवाले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजजवळ कारखाना चालवणारे गुस्ताव स्टिकली १९०१ ते १९१६ ‘द क्राफ्ट्समन’ हे मासिक काढत, आणि ईस्ट ऑरोरा गावात रॉयक्रॉफ्ट ही छापखाना आणि कारागिरांची वसाहत उभी करणारे एल्बर्ट हबर्ड तर प्रकाशकच. हबर्ड यांच्या ‘लिटल जर्नीज’ पुस्तिकांसाठी रॉयक्रॉफ्टने खास छोटा दुफळी स्टँड काढला होता. वाचायलाही आपणच द्यायचं आणि ठेवायलाही आपणच. धंद्याची अक्कल पक्की होती.

मासिकं काढणाऱ्यांनीच रॅकही केले, याचा वापराशी थेट संबंध आहे. त्या काळी बरीच मासिकं साधारण १७ बाय २५ सेंटिमीटरची असत. फळ्यांमधलं अंतर त्या हिशेबाने ठेवलेलं असतं. आजची २१ बाय २८ ची मासिकं कित्येक रॅकमध्ये उभी राहतात ती कशीबशी, आणि ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीचं ३१.५ सेंटिमीटरचं पाकीट तर बहुतेक ठिकाणी मावतच नाही. तबकड्या बसाव्यात म्हणून कोणी मधली फळी काढून टाकली असेल, तर बाजूंच्या आतल्या अंगावर रिकाम्या खाचा किंवा फिकट पट्टा दिसतो. तसा रॅक घेऊ नये, कारण तीच फळी बाजूंना एकमेकींपासून योग्य अंतरावर धरून ठेवते.

ढोबळ प्रकार असे: चार पाय आणि बाजूंना उभ्या पट्ट्या असलेला रॅक, दोन अखंड फळ्यांच्या बाजूंचा, वर निमुळता होत जाणारा रॅक, फळीचं टोक बाजूच्या आरपार काढून पाचरेने आवळलेला पुस्तक-स्टँड, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी पन्हाळ असलेला स्टँड, ज्यात पुस्तकं तिरकी, कणा वर करून बसतात, आणि टेबलावरचा सरकता पुस्तक-रॅक, ज्याची दोन टोकं दुमडतात. हा शेवटचा इंग्लंडमध्ये विशेष चालला आणि त्याच्या टोकांवर ठोकून उठावदार केलेले तांब्याचे पत्रे दिसतात. विक्रेते अनेकदा कुठल्याही मासिक-रॅकला ‘कँटरबरी’ म्हणतात. ती वेगळी आणि बरीच जुनी चीज, अठराव्या शतकातली, मुळात संगीताचे कागद ठेवण्यासाठीची. त्या नावावर जाऊ नका.

लाकूड बघणं

अमेरिकी मालात जवळजवळ सगळीकडे पांढरा ओक असतो आणि तोही ओंडक्याच्या त्रिज्येच्या दिशेने चिरलेला. असा चिरला की मज्जाकिरण, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, पृष्ठभागावर उघडे पडतात आणि वाघाच्या पट्ट्यांसारख्या चमकदार लकेरी दिसतात. दिसण्यापेक्षाही त्याचं टिकणं महत्त्वाचं. ३० सेंटिमीटर रुंद फळीतली आर्द्रता १२ टक्क्यांवरून ६ वर आली, तर अशी फळी रुंदीत साधारण ३ मिलिमीटर आकसते. साध्या चिरेची फळी तेवढ्यातच साडेसहा मिलिमीटर. सांधे शतकभर टिकले त्यामागे हा फरक आहे.

आता पायाच्या तळाकडे बघा. अखंड लाकडाच्या चौकोनी पायाला समोरासमोरच्या दोनच बाजूंवर लकेरी येऊ शकतात, उरलेल्या दोन बाजू साध्या राहतात. चारही बाजूंना लकेरी असतील तर काहीतरी जोडकाम आहे. एल. अँड जे. जी. स्टिकली हा गुस्ताव यांच्या भावांचा कारखाना चार पट्ट्या कोपऱ्यांत तिरक्या जोडून, मधे छोटा गाभा घालून पाय बनवत असे. पायाच्या तळावर चार कोपऱ्यांतून आत येणाऱ्या चार बारीक रेषा आणि मधला चौकोन दिसला की समजायचं. इतरांनी साध्या बाजूंवर पातळ पापुद्रा चिकटवला. तो तळाजवळ सुटलेला सापडतो.

स्वस्त कारखानी मालात दुसऱ्याच लाकडावर ओकच्या लकेरींचा ठसा रुळाने छापलेला असतो. लांबून फसायला होतं. जवळून बघितलं तर तीच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते, आणि कडा झिजल्या तिथे लकेर पुसलेली असते. खऱ्या ओकमध्ये कड कितीही झिजली तरी लकेर आत उतरलेली राहते.

रंगाची परीक्षा याहून मजेदार आहे. चांगल्या कारखान्यांत लाकूड अमोनियाच्या वाफेत ठेवत. वाफ ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग पावते आणि लाकूड आतून तपकिरी होतं. वाफ सगळीकडे पोचत असल्याने असा रॅक फळीच्या खालीही, मागेही रंगलेला असतो. ब्रशने किंवा फडक्याने रंग लावलेला माल बाहेरून गडद आणि खालून फिका, किंवा खालच्या अंगाला रंगाचे ओघळ असलेला. दुसरी खूण रसकाष्ठाची. लाकडाच्या बाहेरच्या या थरात टॅनिन फार कमी असल्याने वाफेचा रंग तिथे धरत नाही, आणि फळीच्या कडेने एखादी फिकट पट्टी राहते. कारागीर ती नंतर रंगवून दडवत, पण उन्हात धरली की दिसते. नवशिके या पट्टीला दोष मानतात. आमच्या मते ती अस्सलपणाची साक्ष आहे.

सांधे आणि खुणा

आरपार काढलेली कुसवं, म्हणजे फळीच्या टोकाला कापलेल्या जिभा, ही या शैलीची ओळख. म्हणून त्यांची नक्कलही झाली: बाहेरून लाकडाची चकती चिकटवली की कुसू आल्यासारखं वाटतं. खऱ्या कुसवाच्या टोकावर वाढीच्या वलयांचा जो बाक दिसतो, तोच त्या फळीच्या पृष्ठावरच्या रेषांशी जुळायला हवा. चकतीचा मेळ बसत नाही आणि तिच्याभोवती खाचेची कडा दिसत नाही, नुसती सरसाची रेघ दिसते. कुसवाला अडकवणारी लाकडी खुंटी बोटाने चाचपून बघा. लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे जुनी खुंटी किंचित अंडाकृती झालेली आणि केसभर वर आलेली लागते. अगदी सपाट, अगदी गोल खुंटी दिसली तर ती बदललेली आहे किंवा वस्तूच नवी आहे.

स्क्रूला एकच आडवी फट असावी. अधिक चिन्हाची खाच असलेले फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातले. ते दिसले तर निदान तेवढं काम नंतरचं. पायांच्या तळकडा बघा: जुन्या पायांच्या कडा थोड्या मारलेल्या किंवा झिजून गोल झालेल्या असतात. चारही पाय करवतीने नुकते कापल्यासारखे धारदार असतील तर उंची कमी केलेली असू शकते, म्हणजे बहुधा कुजका किंवा किडका भाग छाटलेला.

कारखान्याची खूण तळाशी, मागच्या आडव्या पट्टीवर किंवा बाजूच्या आतल्या अंगाला शोधा. गुस्ताव स्टिकली यांच्या खुणेत सुताराचा कंपास आणि ‘आल्स इक कान’ ही फ्लेमिश ओळ आहे, अर्थ ‘मला जमेल तसं’. लिंबर्ट या दुसऱ्या कारखान्याच्या डागणीत बाकावर काम करणारा कारागीर आणि ग्रँड रॅपिड्स व हॉलंड ही मिशिगनमधली दोन गावं. रॉयक्रॉफ्टचा गोल आणि त्यावरचा दुहेरी क्रूस मात्र लपवलेला नसतो, बहुधा समोरच खोल कोरलेला असतो. चिकटवलेली कागदी किंवा रंगीत खूण झिजलेल्या पॉलिशवर बसली असेल आणि स्वतः कोरी करकरीत असेल, तर शंका घ्या. उलटही होतं. स्टिकली कंपनीने १९८९ पासून जुन्या नमुन्यांचा माल पुन्हा काढला, तोही चांगल्या ओकचा. त्यावरची डागणी घासून काढून जुना म्हणून खपवतात. तळावर हात फिरवला की एका जागी उथळ खळगा लागतो.

खूण नसली म्हणून वस्तू टाकाऊ ठरत नाही. त्या काळात शाळांमध्ये सुतारकाम शिकवलं जाई, आणि १९०९ पासून पॉप्युलर मेकॅनिक्स या मासिकाने मिशन फर्निचरच्या आराखड्यांची पुस्तकं काढली. घरी केलेले रॅक असे हजारोंनी तयार झाले. त्यांत पाचर जराशी वाकडी, दोन कुसवं उंचीत एकमेकांपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर वेगळी, असं सापडतं. वापरायला ते उत्तम असतात आणि दुरुस्तीचा हात बसवायला त्याहून उत्तम.

हलणारा सांधा कुठला, ते शोधणं

मासिक-रॅक उंच आणि अरुंद असतो, मागे सहसा फळी नसते, म्हणून तो आजारी पडतो तो एकाच तऱ्हेने: डावीकडे-उजवीकडे डुलतो. रॅक सपाट जमिनीवर उभा करा, वरच्या कडेला दोन बोटांनी हलकेच ढकला आणि दुसऱ्या कोणालातरी एकेका सांध्याकडे विजेरी धरून बघायला सांगा. जो सांधा उघडमीट करतो तिथे पेन्सिलीने नव्हे, कागदी चिकटपट्टीने खूण करा आणि तीही पॉलिश शाबूत असेल तिथे नको, कारण चिकटपट्टी जुनी लाख उपटते. मग पोस्टकार्डाची कडा फटीत घालून किती खोल जाते ते बघा. थेट कुसवापर्यंत गेली म्हणजे सरस पूर्ण मेलेला आहे.

कर्णांची मापंही घ्या: वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, आणि उलट. दोन्हींत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. निमुळत्या रॅकलाही हा नियम लागू आहे, कारण दोन्ही बाजू सारख्याच कलत असतील तर कर्ण सारखेच येतात.

बाजूच्या उभ्या पट्ट्या खडखडत असतील तर त्यांना हात लावू नका. कित्येक रॅकमध्ये त्या खाचेत नुसत्या बसवलेल्या असतात, लाकडाला हलायला जागा म्हणून. तो आवाज दोष नाही.

सरसाने सांधणं

मूळ जोडकाम जनावराच्या कातड्या-हाडांच्या सरसाचं आहे आणि दुरुस्तीही सरसानेच करावी. जुन्या सरसावर नवा गरम सरस विरघळून एकजीव होतो. पांढरा गोंद जुन्या सरसावर नीट धरत नाही, आणि धरलाच तर पुढच्या वेळी सांधा सोलून काढावा लागतो. इपॉक्सीचं तर नावच नको.

सांधा पूर्ण सुटणार असेल तर सुटा करून साफ करणं उत्तम. पण खुंटी मारलेला सांधा ओढून सुटत नाही, कुसू फाटतं. खुंटी आरपार असेल तर मागून तिच्याहून थोड्या लहान दांड्याने ठोकून काढता येते; आरपार नसेल तर नाद सोडा आणि सुईने सरस आत घाला. चिवट सांधा सोडवायचा असेल तर फटीत सिरिंजने थोडा स्पिरिट (पॉलिशवाले वापरतात तो, म्हणजे अल्कोहोल) सोडा. स्पिरिट सरसातलं पाणी ओढून घेतो, सरस ठिसूळ होतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी हलक्या ठोक्याने तडकतो. मात्र हाच स्पिरिट लाखेचं पॉलिश विरघळवतो, त्यामुळे फटीभोवती मेणाचा जाड थर लावून ठेवा आणि ओघळ तत्क्षणी टिपा.

सरस दाणेदार मिळतो. त्याची ताकद ग्रॅममध्ये सांगतात; फर्निचरला १९२ ग्रॅमचा योग्य. एक भाग दाणे, दोन भाग थंड पाणी, वजनाने. तासभर भिजू द्या, दाणे फुगून लिबलिबीत होतील. मग भांडं गरम पाण्यात ठेवून सरस ६० अंश सेल्सिअसला आणा. थर्मामीटर हवाच, ६५ च्या वर गेला की सरसाची ताकद जाते, आणि उकळला तर फेकून द्या. ब्रश उचलल्यावर धार अखंड पडली पाहिजे. थेंब थेंब पडला तर पातळ, गोळा लोंबला तर घट्ट.

सरस लावल्यापासून हाताशी जेमतेम मिनिटभर असतो, म्हणून सगळी तयारी आधी कोरडीच करून बघायची. क्लॅम्प कुठे बसणार, किती फेरे आवळायचे, कर्ण कोण मोजणार, हे सरस गरम करण्याआधी ठरलेलं असावं. लाकूडही गार नको. हेअर ड्रायरने सांधा कोमट करून घेतला तर दुपटीने वेळ मिळतो. चारही सांधे एकदम जोडायचे असतील आणि हात कमी असतील तर बाटलीतला तयार द्रव सरस वापरा. तो थंडच लावायचा असतो आणि सावकाश आवळतो. फक्त बाटलीवरची तारीख बघा. वर्षापेक्षा जुना द्रव सरस कधीकधी वाळतच नाही. एक थेंब कागदावर टाकून रात्रभर ठेवला की उत्तर मिळतं.

निमुळत्या रॅकवर क्लॅम्प घसरतो. आवळत गेलं की तो अरुंद टोकाकडे चढतो आणि लाकडावर ओरखडा ठेवतो. यासाठी मऊ लाकडाच्या दोन उतरत्या पट्ट्या कापाव्या लागतात. समजा रॅक १०० सेंटिमीटर उंच आहे आणि प्रत्येक बाजू वरपर्यंत ४ सेंटिमीटर आत येते. मग १० सेंटिमीटर लांबीच्या पट्टीची एक कड दुसरीपेक्षा ४ मिलिमीटर जाड ठेवायची आणि जाड कड वर करून बाजूला लावायची. क्लॅम्पचे दोन्ही जबडे समांतर होतात आणि घसरण थांबते. पट्टी आणि रॅक यांच्यात मेणकागद घाला. लोखंडी जबडा ओल्या सरसासकट ओकला टेकला तर टॅनिन आणि लोखंड मिळून निळाकाळा डाग पडतो, आणि तो सहजी जात नाही.

आवळताना बेताने. सांधा मिटला की थांबा. जास्त जोर लावला तर सरस बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. बाहेर आलेला सरस लगेच ओल्या फडक्याने पुसू नका, पाण्याने लाखेवर पांढरट धुकं येतं. वीस-तीस मिनिटांत तो रबरासारखा होतो, तेव्हा लाकडी काडीने सोलला की सालपटासारखा निघतो. क्लॅम्प २४ तास राहू द्या.

पाचरांचे स्टँड

इथे सरसाचं काहीच काम नाही. पाचर कधीही चिकटवायची नसते. फळी आरपार येते, तिच्या बाहेर आलेल्या जिभेत भोक असतं आणि त्यात पाचर उभी बसते. खाली ठोकली की ती बाजूची फळी आत दाबते. हे घडायला एक अट आहे: भोकाची आतली कड बाजूच्या फळीच्या बाहेरच्या पृष्ठापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत असावी लागते. तेवढी जागा नसेल तर पाचर भोकातच अडकते, बाजूला दाब मिळत नाही आणि स्टँड डुलतच राहतो.

सैल स्टँडला आधी लहान लाकडी हातोडीने प्रत्येक पाचरेवर दोन-तीन हलके ठोके द्या, आळीपाळीने चारही. ठोक्याचा आवाज बोदा असेपर्यंत पाचर उतरते आहे. तो टणक झाला की ती बसली, तिथेच थांबायचं. त्यापुढचा ठोका जिभेच्या टोकाचा तुकडा उडवतो, कारण भोकाच्या पलीकडे दीड-दोन इंचच लाकूड असतं आणि ते शिरांच्या दिशेने सुटतं.

पाचर पूर्ण खाली जाऊनही सैल असेल तर बाजूची फळी जाडीत आकसली आहे. भोक मोठं करू नका. पाचर आणि बाजूची फळी यांच्यामध्ये ओकचा अर्धा-एक मिलिमीटरचा पापुद्रा घाला, झालं. पाचर हरवली असेल तर उरलेल्यांपैकी एक काढून पुठ्ठ्यावर गिरवा. नवी पाचर कापताना शिरा लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत. कारखान्याच्या मालात पाचरा सारख्या असल्या तरी प्रत्येक आपल्या भोकात झिजून बसलेली असते, म्हणून काढताना १, २, ३, ४ अशी चिठ्ठी बांधून ठेवा.

नव्या तुकड्याचा रंग जुळवायला त्याला अमोनियाची वाफ देता येते. पांढरा ओकच घ्या आणि त्यातही मध्यकाष्ठ, म्हणजे गाभ्याकडचं लाकूड. झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत बशीभर अमोनिया, त्यावर काड्यांच्या आधाराने अधांतरी तुकडा. घरगुती पातळ अमोनियाला दोन-तीन दिवस लागतात. कारखान्यांत २६ टक्क्यांचा तीव्र अमोनिया वापरत. तो डोळे आणि फुप्फुसं जाळतो, तेव्हा चष्मा, हातमोजे, अमोनियाचा गाळणीवाला मुखवटा आणि उघडी जागा यांशिवाय बाटली उघडूच नये. तांब्या-पितळेचं काहीही बरणीत नको, वाफ ते खाते. बाहेर काढलेला तुकडा राखाडी, मेलेला दिसतो. घाबरू नका: स्पिरिटचा बोळा फिरवला की खरा रंग समोर येतो.

चिरा, किडा, डाग

वरच्या फळीला खालून आडवी पट्टी स्क्रूने घट्ट मारलेली असेल, तर फळी आकसताना ती पट्टी तिला आकसू देत नाही आणि फळी मधोमध फाटते. पुट्टी भरून काही होत नाही. पावसाळी हवेत फळी फुगली की पुट्टी उलट चीर वाढवते. स्क्रू सैल करा, पट्टीतली भोकं लांबट करा, चीर आपोआप किती मिटते ते आठवडाभर बघा आणि मग सरस घालून हलके आवळा.

दीड-दोन मिलिमीटरची गोल छिद्रं म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची बाहेर पडण्याची दारं, बहुतेक रसकाष्ठातच. रॅकखाली काळा कागद पसरून दोन आठवडे ठेवा. फिकट, ताजी भुकटी पडली तर किडा जिवंत. छोटा स्टँड पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवला तर अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर गुंडाळी लगेच सोडू नका, एक दिवस जाऊ द्या, नाहीतर गार लाकडावर दव बसतं.

कपाचा पांढरा गोल डाग पॉलिशमध्ये असतो आणि स्पिरिटच्या जेमतेम ओल्या बोळ्याने, एकेका फटकाऱ्यात, जातो. काळा डाग लाकडात असतो. ऑक्झॅलिक आम्लाने तो निघतो खरा, पण त्यासाठी तिथलं पॉलिश काढावं लागतं आणि आजूबाजूचा वाफेचा रंगही फिका पडण्याचा धोका असतो. शंभर वर्षांच्या काळ्या डागाच्या जागी कालचा पांढरा ठिपका, असा तो सौदा आहे. आम्ही काळा डाग ठेवतो.

काही रॅकच्या फळ्यांच्या कडेला मोठ्या डोक्याच्या खिळ्यांनी चामड्याची पट्टी मारलेली असते. बोट लावताच तांबडी भुकटी येत असेल तर त्या चामड्याला पाणी, साबण, तेल काहीही दाखवू नका. ओल लागली की ते काळं आणि कडक होतं. स्पिरिटमध्ये क्लुसेल जी (जतनकार वापरतात ती सेल्युलोजची पूड) दोन टक्के विरघळवून ब्रशने लावा, लाकूड झाकून.

सफाई आणि मेण

जुनं पॉलिश कोणतं ते आधी ठरवा. तळाशी, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या काडीवर स्पिरिट लावून टेकवा. चिकट झालं तर लाख. काहीच झालं नाही आणि लॅकर थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर व्हार्निश. ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी असेल तर अंधारात लाख नारिंगी चमकते, म्हणजे कुठे जुनी लाख उरली आहे आणि कुठे नंतर काही फासलंय याचा नकाशाच मिळतो.

मऊ ब्रशने धूळ झाडा, कुसवांच्या कोपऱ्यांतली विशेष. मग व्हाइट स्पिरिटचा (हा वरचा स्पिरिट नव्हे, टर्पेंटाइनसारखा पेट्रोलियमचा द्रव) ओला बोळा, छोट्या छोट्या भागांत. याने जुनं मेण आणि तेलकट मळ निघतो, लाखेला धक्का लागत नाही. खिडक्या उघड्या, विस्तव दूर. तरीही हाताचा चिकट मळ राहिला तर थुंकीने ओली केलेली कापसाची काडी फिरवा. संग्रहालयांतले जतनकारही हे करतात, त्यातली विकरं मळ सोडवतात. काळपट मळ गेला आणि खालून मधाळ तपकिरी दिसलं की पुढे घासू नका.

झिजलेल्या कडांना लाख द्यायची असेल तर ६० ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) ५०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये, ताजा विरघळवलेला. सहा महिन्यांपेक्षा जुनं द्रावण चिकट राहतं. तांब्याच्या पत्र्याला किंवा कड्यांना ब्रासो वगैरे लावू नका. त्यावरचा काळसर तपकिरी थर कारखान्यातच मुद्दाम चढवलेला असतो आणि एकदा चकाकला की ती चकाकी वर्षानुवर्षं उपरी दिसते.

मेण गडद रंगाचं घ्या. पांढरं मेण ओकच्या उघड्या छिद्रांत वाळून खडूसारखे ठिपके पडतात. अगदी पातळ हात, अर्धा तास थांबून जुन्या सुती कापडाने चोळायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. स्टीलचा काथ्या वापरू नका; त्याचे कण छिद्रांत राहतात आणि दमट हवेत प्रत्येक कण काळा ठिपका होतो. सिलिकॉनचे फवारेही नकोत, त्यानंतर लाख धरत नाही. जवसाचं तेल कुठे वापरलंच तर ती फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटतात. उघडी पसरून वाळवा.

रोजच्या वापरात

आजच्या गुळगुळीत कागदात खनिज भरलेलं असतं, म्हणून तो जुन्या कागदापेक्षा जड. उंच रॅकमध्ये जड अंक सर्वांत खाली, वरच्या दोन फळ्यांवर पातळ पुस्तिका. भरताना दोन्ही टोकांकडून मधे भरा, एका बाजूला रचलेल्या ढिगाने सांधे पुन्हा त्याच दिशेला उघडतात. पन्हाळीच्या स्टँडमध्ये पुस्तकं सैल नकोत. पाच-सहा पुस्तकं कमी असतील तर ती कलतात आणि कणे मुरगळतात. खोलीतली आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवा, हीटरच्या झोतासमोर आणि थेट उन्हात रॅक नको.

पायांखाली खिळ्याच्या चकत्या ठोकू नका, जोडपायाच्या तिरक्या सांध्यात खिळा गेला तर पाय चिरतो. चामड्याचा तुकडा मेणाने टेकवला तरी पुरतो. पाचरांच्या स्टँडला दर हिवाळ्यात, हवा कोरडी पडली की, हातोडीचा एकेक ठोका. उन्हाळ्याच्या दमट दिवसांत मात्र ठोकू नका: फुगलेल्या लाकडात आवळून बसवलेली पाचर थंडीत पुन्हा सैल पडते, आणि मधल्या काळात जीभ फाटायचा धोका वेगळाच.